सोनेरी मुलाम्याचा जुना रेझर

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून सोनेरी मुलाम्याचा जुना सेफ्टी रेझर घेतला. त्यावर साबणाचा थर आणि हिरवट डाग आहेत. तो चिंचेने घासावा का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : कृपया चिंच, लिंबू वा व्हिनेगर वापरू नका. पितळेचे भांडे चिंचेने उजळते, कारण तेथे वरपासून खालपर्यंत पितळच असते. आपल्या रेझरवर मात्र पितळेवर सोन्याचा अतिशय पातळ थर आहे आणि तो टूथपेस्टच्या घासण्यानेही झिजू शकतो. उकळते पाणीही टाळावे.

आधी पाते जपून काढा, सुटे होणारे भाग वेगळे करा आणि कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे थेंब टाकून अर्धा तास भिजवा. बोअरच्या जड पाण्यामुळे साबणाचा थर चिवट होतो, म्हणून जोर लावण्याऐवजी पुन्हा भिजवून मुठीच्या खाचांतून मऊ ब्रश फिरवावा. पूर्ण कोरडे केल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसून निर्जंतुक करावे. हे करताना जवळ ज्योत नसावी.

हिरवट डाग बहुधा मुलामा विरलेल्या जागी उघड्या पडलेल्या पितळेचे असतात. तेथील सोने सफाईने परत येत नाही. नव्याने मुलामा देता येतो, परंतु त्यासाठी पृष्ठभाग घासावा लागून कोरीव अक्षरे बोथट होण्याचा धोका असतो, त्यामुळे मूळ झीज तशीच राखावी, असे माझे स्पष्ट मत आहे.