सेंद्रिय रुईची पहिली निर्यात: आधी जिनिंग बघा

भाऊ, युरोपातला खरेदीदार 'गॉट्स' (सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक) मागतो म्हणून घाबरू नका, पण ते शेताचं प्रमाणपत्र नव्हे. शेताला आपलं एनपीओपी (भारत सरकारच्या सेंद्रिय योजनेचं प्रमाणपत्र) लागतं, गॉट्स सुरू होतं जिनिंगपासून, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्यापासून. इथेच नवखे फसतात: शेतकऱ्यांचा गट प्रमाणित, पण जिनिंग नाही. मग माल सेंद्रिय असूनही साधी रुई म्हणून जातो.

कापसाला रूपांतराची, म्हणजे साधं शेत सेंद्रिय करण्याची, दोन वर्षं लागतात. तोवर खर्च पूर्ण, लेबल नाही. फीचा भार लहान शेतकऱ्यावर जास्त, हे अन्यायाचंच आहे. गट करा, फी वाटली जाते.

खरी धास्ती बीटीची, म्हणजे जनुक बदललेल्या कापसाची. विदर्भात चहूकडे बीटीच, त्यामुळे बियाणं बिगर-बीटी असल्याचा कागद आणि पिशवीचं लेबल जपून ठेवा. रुईची जीएमओ (जनुक बदललेलं पीक ओळखण्याची) चाचणी होते. रेच्यांत (सरकी काढणाऱ्या यंत्रांत) आधीच्या साध्या कापसाचे पुंजके अडकलेले असले की नमुना बिघडतो. म्हणून हंगामाची पहिली पाळी सेंद्रियची मागा, आणि रेचे, नळ्या, प्रेस साफ केल्याची नोंद सहीनिशी घ्या.

हिशोबही जुळला पाहिजे. १०० क्विंटल कापसातून साधारण ३४ क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी. तुम्ही २६ दाखवल्या तर व्यवहार प्रमाणपत्र (विकलेला माल प्रमाणित असल्याचा कागद) अडकणारच. ते प्रत्येक विक्रीला वेगळं लागतं. गाठींचे क्रमांक, वजन आणि बिल तंतोतंत एक हवं. अर्ज माल निघाल्याबरोबर टाका.

आणि प्लॅस्टिकच्या पोत्यात वेचणी नको. धागे रुईत येतात. सुती फडकी द्या.