थंडीत सायकल चालवताना वाऱ्याने कान ठणकतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या पश्चिमेला नऊ-दहा किलोमीटरवर तुमचं गाव आहे, पहाटे सायकलने कामावर जाता, माकडटोपी घालता, कानात कापूसही कोंबता, तरी पोचेपर्यंत डावा कान ठणकायला लागतो आणि तासाभरात आपोआप थांबतो. मी त्याच पट्ट्यातला. घरी गवळाऊ गाई आहेत, हिवाळाभर सायकलला कॅन अडकवून अंधारातच दूध पोचवतो. डॉक्टर नाही, पण या दुखण्याशी जुनी ओळख आहे.

आधी डाव्या कानाचं बघू. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेकडून येतो. तुम्ही पहाटे पूर्वेकडे जाता, म्हणजे उत्तर तुमच्या डाव्या हाताला. सायकलच्या वेगाचा वारा दोन्ही कानांना सारखाच लागतो, वरून हा आडवा वारा एकट्या डाव्याला. परत येताना तोच वारा उजवीकडून येतो, पण तोवर ऊन चढलेलं असतं, त्यामुळे तो कान कुरकुर करत नाही. पारा १० अंशांवर असला आणि ताशी २० किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर उघड्या कातडीला ती थंडी ७ अंशांसारखी लागते. आणि आपल्याकडे पारा १० वर थांबतोच असं कुठे आहे? २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं.

आता दुखतं का, ते. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, तिथली कातडी जाड, केसही असतात. आतल्या भागात मात्र पातळ कातडी थेट हाडावर बसलेली, खाली चरबी जवळजवळ नाहीच, आणि दुखणं जाणवणाऱ्या नसा भरपूर. गार हवा तिथे सतत घुसत राहिली की ठणकणारच. म्हणून वारा कानाच्या बाहेरच अडवायचा. आत बोळा घालून तो अडत नाही.

माकडटोपीचा दोष तिच्या विणीत आहे. टोपीचा कानावर येणारा भाग तोंडाला लावा, मागे तळहात धरा आणि जोरात फुंका. तळहाताला फुंकर लागली तर वाराही तसाच आरपार जाणार. लोकर ऊब धरते, पण वारा सोडते. म्हणून टोपी आत आणि तिच्यावर दाट विणीचं कापड. पॉपलीनचा तुकडा चालेल, जुन्या विंडचीटरची बाही उसवून केलेली पट्टी तर फारच चांगली. खांद्यावरचा दुपट्टा वापरायचा तर चौपदरी करा, एकेरी दुपट्ट्यातून वारा सरळ येतो.

बांधण्यात खरी मेख आहे. बहुतेक जण दुपट्टा डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारतात. त्याने कानाचा मागचा भाग झाकला जातो आणि पुढची कड गालापासून फुगून उघडी राहते. वारा येतो समोरून, म्हणजे नेमका त्याच फटीतून, आणि कापडाच्या आत कोंडून कानात गोल फिरतो. पट्टीची पुढची कड कानाच्या भोकासमोरच्या छोट्या कूर्चेच्याही पुढे, गालावर चपटी बसली पाहिजे. मी दुपट्टा कपाळावरून घेतो, दोन्ही टोकं कानांवरून गालाला घासून खाली आणतो, हनुवटीखाली आडवी टाकतो आणि मानेमागे गाठ मारतो. पुढे गाठ मारली की खड्ड्याखड्ड्यांत ती सैल होत जाते. कानाची पाळी आत दुमडली गेली नाही ना, एवढं बोटाने चाचपून घ्या. दुमडलेला कान अर्धा तास दाबून राहिला तर वाऱ्याशिवायही दुखतो.

नीट बसलं की नाही हे कळायला एक सोपी खूण आहे. सायकल वेगात आली की कानात घूं घूं आवाज येतो, तो म्हणजे कडेवरून आत शिरणारा वारा. मान थोडी डावी-उजवी करून बघा, जिकडे आवाज वाढतो तिकडची कड उघडी आहे. आवाज पार जाणार नाही, पण निम्म्याने उतरला तरी तुमचं काम झालं.

चढावर घाम येतो आणि टोपी कानापाशी ओली होते. तीच ओली टोपी परतीला घातली तर नसल्यापेक्षा वाईट. पोचल्यावर ती उलटी करून उन्हात टाका, किंवा दुसरी सोबत ठेवा.

कापसाबद्दल एक बोलायचंच. आपल्या भागात बोंडातला कापूस तोडून तसाच कानात घालायची सवय आहे. त्यात वाळल्या पानाचा चुरा असतो, तो नळीत पडला की खाज सुटते, मग काडी घालून कोरणं आलं आणि मग खरंच कान सुजतो. घालायचाच असेल तर दुकानातला स्वच्छ कापूस घ्या, सैल बोळा नळीच्या तोंडाशीच ठेवा, बाहेरून चिमटीत धरता आला पाहिजे. पोचल्यावर काढून फेका.

लसणाचं गरम तेल घरोघरी सुचवतात. माझ्या आईचाही त्यावर भारी विश्वास. पण पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर तेल आत जाऊन नुकसान करतं, आणि भोक आहे की नाही हे घरी बसून कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा कापडाची घडी तव्यावर कोमट करून, आधी मनगटाला लावून बघून, कानावर बाहेरून धरा. तेवढ्याने बरं वाटतं.

कधी कधी दुखणं कानाचं नसतंच. थंडीत आणि खडबडीत रस्त्यावर माणूस दात आवळून सायकल हाणतो. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो, त्याची कळ कानात आहे असंच वाटतं. जांभई देताना किंवा भाकर चावताना दुखलं तर संशय तिकडे घ्या. किडक्या दाढेची कळही त्याच बाजूच्या कानात उठते. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर कानाच्या मधल्या भागातल्या हवेचा दाब बिघडतो, तिथे दुपट्टा काय करणार? ते दिवस ऑटोने जा.

कानाची पाळी ओढली किंवा पुढची कूर्चा दाबली की कळ येते, पाणी-पू येतो, ताप आहे, कमी ऐकू येतं, चक्कर येते, किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही आहे, यातलं काही असलं तर कानाच्या डॉक्टरला दाखवा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. कानामागे दुखून तोंड एका बाजूला वाकडं वाटलं तर त्याच दिवशी जा, उद्यावर ढकलू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की इअरफोन घालून बसलं तर वारा अडेल का. थोडा अडेल, पण घालू नका. या दिवसांत जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्या पहाटेच निघतात, मागचा दिवा कित्येकींना नसतो आणि भरलेली ट्रॉली हेलकावे खात अर्धा रस्ता घेते. मागून ट्रॅक्टर येतोय हे अंधारात कानालाच आधी कळतं. कापडाच्या दोन थरांतून तो आवाज येतो, गाण्यातून येत नाही.