आधी प्रमोशन, मग पखवाज?

"मॅडम, एकदा मार्चएंड होऊ दे, प्रमोशनचं काय ते कळू दे, मग मी मोकळा." समोर बसलेले गृहस्थ हे तिसऱ्यांदा म्हणाले. वय बेचाळीस, बँकेच्या कर्ज विभागात अधिकारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रात्री आठपर्यंत बसूनही फायली तुंबलेल्या, प्रपोजलमध्ये आकड्यांच्या चुका, थकबाकीदारांशी फोनवर रोज खटके.

मी विचारलं, "ऑफिस सोडून आठवड्यात काय करता?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "काही नाही. पूर्वी गुरुवारी भजनाला पखवाज वाजवायचो. दोन वर्षं झाली सोडून. टार्गेट होत नाही आणि मी काय टाळ कुटत बसलोय, असं वाटायला लागलं."

ही अपराधी भावना माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या मनात असते. कष्टाच्या घरात वाढलेल्यांना आनंद म्हणजे बक्षीस वाटतं, आधी कमवायचं आणि मग घ्यायचं. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरमधल्या सुमारे 1,800 विक्री कर्मचाऱ्यांचा सहा महिन्यांचा अभ्यास मांडला. दर आठवड्याला त्यांना फक्त चेहऱ्यांची चित्रं दाखवून मनःस्थिती विचारली जायची. माणसं खूश असायची त्या आठवड्यांत त्यांची विक्री सुमारे 13 टक्क्यांनी जास्त व्हायची, तीही जादा तास न बसता.

झोप, भूक, मनात येणारे विचार हे सगळं मी आधी नीट विचारून घेतलं होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर छंदावर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यांचं तसं नव्हतं. म्हणून एकच ठरलं: गुरुवारी सातला ऑफिसातून उठायचं. "याने टार्गेट होईल का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "त्यासाठी वाजवणार असाल तर नका वाजवू."

पुढच्या वेळी ते सांगत होते. पखवाज खोळीतून काढला. पोळ्यांची कणीक मळताना बायकोने न सांगता एक गोळा बाजूला ठेवला, पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या चामड्याला, लावायला. "दोन वर्षांनी तिला आठवण होती, मॅडम." बोटं चालत नव्हती, ठेका अडखळला, तरी त्या रात्री गाढ झोप लागली.

दीड महिन्याने त्यांनी एका दूध उत्पादकाची गोष्ट सांगितली. हप्ता सतत थकायचा. एरवी फोन लावताच "कधी भरताय?" अशी सुरुवात व्हायची. या वेळी त्यांनी विचारलं, "अडचण कुठे येतेय?" उत्तर सोपं निघालं. हप्त्याची तारीख 10 आणि दुधाचं बिल जमा होतं 15 ला. तारीख पुढे घेतली, खातं सुरळीत झालं. धास्तावलेल्या मनाला समोरचा माणूस फक्त थकबाकीदार दिसतो. मन जरा सैलावलं की त्याचं बोलणं ऐकू येतं.

वरिष्ठांचा अन्याय किंवा अपुरी माणसं हे प्रश्न पखवाजाने सुटत नाहीत, तेही आम्ही स्पष्ट बोललो. प्रमोशनचा निकाल अजून लागायचा आहे. परवा त्यांचा फोन आला, पुढच्या भेटीचा वार बदलून हवा होता. गुरुवार सोडून कुठलाही चालेल म्हणाले.