काम कमी करायचंय, हे बायकांना सांगायचं कसं?

कुडाळजवळचा वडिलांचा काजू कारखाना तुमच्या हातात आला, बी चढ्या भावाने घेतलेली, गराला उठाव नाही, आणि आता आठवड्यातले तीनच दिवस काम देता येईल. हे कामगार बायकांना कसं सांगू आणि अशा मंदीत लीडर म्हणून कसा घडू, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे.

आपल्या धंद्याची गोम अशी की मार्च ते मे वर्षाची बी भरून ठेवायची. सगळा पैसा पोत्यांत. बाईला गोदामात छतापर्यंत थप्प्या दिसतात आणि मालक म्हणतो पैसे नाहीत. कोण विश्वास ठेवील? म्हणून हिशेब उघडा करा. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो. समजा बी १५० रुपयांनी पडली, तर किलोभर गरात ६०० रुपये नुसते बीचेच. मजुरी, वीज, पॅकिंग वेगळं. मग व्यापारी काय भाव देतोय तो सांगा. हे गणित त्यांना कळतं, रोज गर त्यांच्याच हातून जातो. कुठल्या लॉटची बी पोचट निघाली हे कटिंगवालीच तुम्हाला सांगेल.

सांगायचं कधी, यावर मात्र खूप काही अवलंबून आहे. पगाराच्या दिवशी नको. जूनच्या तोंडावरही नको. शाळेचा खर्च आणि पेरणी तेव्हाच असते. कपात भातलावणीच्या दिवसांत बसवा. तेव्हा निम्म्या बायका तशाही रजा मागतात, आणि ज्यांची शेती नाही त्यांना दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी मिळते. चतुर्थीची उचल शक्यतो तोडू नका. निम्मीच देता येणार असेल तर आषाढातच सांगा. गणपती दारात आल्यावर सांगितलेला नकार गावात वर्षानुवर्षं निघतो.

दिवस पाळीने सगळ्यांना वाटा. चार जणींना पूर्ण काम आणि बाकीच्यांना घरी, असं केलंत तर अख्खा गर काढणारे हात शेजारच्या कारखान्यात जातील आणि तुमच्याकडे पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, वाढेल. स्वतःची घरखर्चाची उचल आधी कमी करा. त्याचं भाषण नको, गावात कळतंच.

राहिली व्यापाऱ्यांकडे अडकलेली उधारी. सरकारकडे लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. पण जुन्या व्यापाऱ्याला आधी फोन करा, कलम नंतर दाखवा.

बँकेकडे कर्जाचं लिमिट संपायच्या आत जा. गोदामातल्या मालाचा भाव पडला की स्टॉकची किंमत घटते, तिच्याबरोबर ड्रॉइंग पॉवरही, म्हणजे त्या मालावर बँक जितकं उचलू देते ती रक्कम, आणि मग लिमिट शिल्लक दिसूनही पैसे उचलता येत नाहीत. या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट अकाउंटंटच्या हाती पाठवू नका, मॅनेजरसमोर तुम्ही स्वतः बसा.