वाचकांचे प्रश्न : ब्रॉयलर पिल्लांचं खाद्य भरड की पीठ?

प्रश्न : ५०० पिल्लांची बॅच आहे. मका घरच्या हॅमर मिलवर (फिरत्या हातोड्यांची गिरणी) दळून त्यात सोयापेंड आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण) मिसळतो. लहान जिवाला पचावं म्हणून २ मिमीची चाळणी लावली. तरी सातव्या दिवशी पिल्लं १३०-१४० ग्रॅमच भरतात. चोचीला पीठ चिकटतं, ड्रिंकरमध्ये गाळ बसतो. खाद्य आणखी बारीक करू का?
— एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : नको, उलट भरड करा. पिल्लाला दात नाहीत, दळायचं काम गिझर्ड करतो, म्हणजे चिकनच्या दुकानात कलेजीसोबत मिळतो तो पेठा. हा स्नायू आहे, काम मिळालं तर वाढतो. भरड कण त्यात थांबतात, आम्लात घोळतात आणि बारीक होऊनच पुढे सरकतात. पीठ मात्र न थांबता आतड्यात उतरतं. मग गिझर्ड लहान आणि लुळा राहतो, त्याच्या आधीचं जठर फुगतं आणि प्रथिनांचं पचन अर्धवट होतं. आपण आधीच दळून दिलं की पिल्लाचं सोपं होतं, हा समज इथेच फसतो.

चोचीचं कारण वेगळं. पीठ लाळेने चिकटतं, पिल्लू ते धुवायला पाण्याकडे पळतं, म्हणून तुमचा ड्रिंकर गढूळ. शिवाय टिपायला दाणा नसल्याने पोट भरायला वेळ लागतो आणि त्या खटाटोपात ऊर्जा जाते. ४२ ग्रॅमचं पिल्लू सातव्या दिवशी किमान चौपट, १७० ग्रॅमच्या आसपास हवं. ब्रूडिंगची, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत पिल्लांना दिलेली ऊब आणि पाणी ठीक असेल तर तुमची तूट खाद्याच्या पोतातच शोधावी लागेल.

मक्यासाठी ४ मिमीची चाळणी लावा. मग तयार मॅश, म्हणजे दळून मिसळलेलं सुटं खाद्य, १ मिमीच्या चाळणीतून चाळून बघा : खाली पडणारा भुगा पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. भुगा जास्त आणि वर मोठे तुकडेही दिसले, तर हातोड्यांच्या कडा झिजल्यात. त्या उलटवून बसवा. चाळणी फाटली असेल तर अख्खा दाणाच खाली येतो. ओला मका दळूच नका, चाळणी तुंबते आणि साठवलेल्या खाद्याला बुरशी धरते.

मात्र भरड मॅशला एक खोड आहे. पिल्लं पिवळे मक्याचे कण आधी वेचतात, पेंड आणि प्रीमिक्स तळाशी राहतं. दांडगी पिल्लं मका खातात, मागची उरलेला भुगा, आणि बॅच लहानमोठी होते. म्हणून पहिले १० दिवस तरी क्रंबल, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांचा चुरा, विकत घ्या, असं आमचं स्पष्ट मत. क्रंबलच्या प्रत्येक दाण्यात सगळे घटक एकत्र असतात, निवडायला वाव नाही. ५०० पिल्लांना साधारण १५० किलो, म्हणजे ५० किलोच्या ३ गोण्या लागतील. एवढ्या खर्चात काटकसर करू नये.

पिल्लं उतरवताना ४०-५० ग्रॅम प्रति पिल्लू क्रंबल कागदावर पसरा. २४ तासांनी ३०-४० पिल्लांची गळ्यातली पिशवी चाचपा. भरलेली आणि मऊ हवी. टणक लागली तर पाणी कमी पडतंय, नुसतं पाणी जाणवलं तर खाद्य सापडत नाहीये.

प्रश्न : कंपनीच्या पेलेटचा (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) बराच भुगा फीडरच्या तळाशी उरतो. पाणी शिंपडून देऊ का?
— एक वाचक, कर्जत

उत्तर : पाणी नको. ओलं खाद्य उन्हाळ्यात काही तासांत आंबतं. गोणी उघडल्यावर १ मिमीच्या चाळणीने १ किलो चाळून बघा. १०० ग्रॅमपेक्षा जास्त भुगा निघाला तर गोणीच परत करण्यासारखी. गोणी ठीक निघाली तर भुगा तुमच्याकडेच होतोय : गोण्या आपटणं, किंवा फीडर काठोकाठ भरणं. थोडं-थोडं घाला आणि दिवसातून एकदा पिल्लांना तळ साफ करू द्या. त्याआधी नवं ओतलं की जुना भुगा खालीच साचत जातो.

क्रंबलवरून ३ मिमीच्या पेलेटवर १० ते १४ दिवसांच्या दरम्यान या, २ दिवस दोन्ही मिसळून.

प्रश्न : १८ दिवसांच्या पक्ष्यांच्या विष्ठेत मक्याचे कण दिसतात. पोत चुकला का?
— एक वाचक, वाई

उत्तर : मेलेला एक पक्षी उघडून गिझर्ड बघा. तो घट्ट असेल आणि कण मोजकेच असतील तर चाळणी एक नंबर बारीक करा, पुरे. विष्ठा पातळ, नारिंगी किंवा रक्ताळ असेल तर दळणाशी खेळत बसू नका. कॉक्सिडिया (आतड्यातले परजीवी) किंवा आतड्याची सूज असू शकते. त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.