हुशार मुलीला शाळेत नवे काही मिळत नसेल, तर शाळा बदलावी का?

आपली मुलगी चौथीत असून घरी सातवीची गणिते सोडवते, वर्गातले काम लवकर संपवून शेजारणींशी बोलत बसते, म्हणून शाळेकडून तक्रारी येतात; अशा वेळी शाळा बदलावी की घरीच शिकवावे, असे आपण विचारले आहे. मी इंदूरमधील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षे गणित शिकवले. त्या अनुभवावरून माझे मत असे की शाळा बदलण्याची घाई करू नये.

काही पालक थेट मुख्याध्यापकांकडे जाऊन मूल असामान्य असल्याचे पटवू लागतात आणि डबल प्रमोशन मागतात. त्याला बहुधा नकार मिळतो, आणि त्यानंतर वर्गशिक्षिकाही त्या घराशी जपूनच बोलते. इतर पालक गप्प राहतात आणि सहावी लागताच मुलाला इंदुरातील शिकवणी वर्गांच्या भंवरकुआं भागातल्या एखाद्या फाउंडेशन बॅचमध्ये घालतात. तेथे पुढच्या इयत्तांचा अभ्यासक्रम आधीच उरकला जातो. म्हणजे वर्गात कंटाळण्याचे आणखी एक कारण घेऊन मूल शाळेत परतते. तिसरा सल्ला पुण्याच्या नातेवाइकांकडून येतो: ज्ञान प्रबोधिनीत घाला. 1962 साली स्थापन झालेल्या या संस्थेने बुद्धिमान मुलांसाठी खरोखर विचारपूर्वक काम केले आहे आणि तिच्या प्रशालेत पाचवीपासून प्रवेश असतो. पण आईवडील इंदुरात आणि दहा वर्षांची मुलगी मावशीकडे, ही व्यवस्था मला पटत नाही.

ज्या पालकांच्या पदरात काही पडले, त्यांची मागणी लहान आणि नेमकी होती: गणिताच्या तासाला दिलेले काम बरोबर पूर्ण झाले, की मुलीला घरून आणलेली वेगळी वही उघडू द्यावी. चाळीस मुलांच्या वर्गात यासाठी शिक्षिकेला जादा कष्ट पडत नाहीत. तिला भीती असते ती वरिष्ठांकडून होणाऱ्या वह्यांच्या तपासणीची. म्हणून ही विनंती मुख्याध्यापकांना लेखी द्यावी आणि विशेष गती असलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी पूरक साहित्य द्यावे, असे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच म्हटले असल्याचे नम्रपणे नमूद करावे. त्या वहीत आठवीचे स्वाध्याय भरू नयेत. 1 ते 100 मधील कोणत्या संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम असते आणि का, असा एखादा प्रश्न तिला चार दिवस पुरेल, आणि त्याचे उत्तर कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात आयते शोधावे लागणार नाही. गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा आठवीपासून देता येते. तोवर अशा प्रश्नांची सवय झालेली बरी.

घरी शिकवण्याने वर्षे वाचतील असे वाटत असल्यास, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीसाठीही वयाची 14 वर्षे पूर्ण असावी लागतात, हे ध्यानात घ्यावे. शिवाय आपल्या दोघांपैकी एकाला दिवसभर घरी राहावे लागेल.

मात्र वही उघडण्यासही मनाई झाली, किंवा मुलगी येत असलेली उत्तरे मुद्दाम चुकवू लागली, तर वर्ष संपताच शाळा बदलावी. नव्या शाळेत निकालाची टक्केवारी विचारण्यापेक्षा पाचवीच्या गणित शिक्षकांना प्रत्यक्ष भेटावे आणि काम आधी संपवणारी मुले उरलेल्या वेळात काय करतात, एवढेच विचारावे.