बॉनेटवरून हात फिरवणारा मुलगा

पत्र (थोडक्यात): मॅडम, मी दापोली तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. मुलाला यंदा बारावी सायन्सला ६१ टक्के पडले, सीईटीला ३४ पर्सेंटाइल. घरी माझ्या वडिलांची १९७१ सालची फियाट पडून आहे. तिचा पत्रा ठोकणं, गंज खरवडणं, बंपर अ‍ॅसिडच्या बादलीत बुडवणं, एवढंच त्याचं चालू असतं. हात कायम काळे. बादलीतलं पाणीही आता हिरवं झालंय. रात्री डोळे मिटून बॉनेटवरून हात फिरवत बसतो, वेड लागल्यासारखा. डेंटर व्हायचं म्हणतो. आमच्या घरात आजवर कोणी गॅरेजात गेलेलं नाही. लोकांना काय सांगू? मी त्याचे हातोडे माळ्यावर टाकून कुलूप लावलंय. गाडी भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय, तो अठरा हजार म्हणतो. मे महिन्यापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही. कोल्हापूरला रिपीटर बॅचला घालू, की मिळेल त्या कॉलेजात ऑटोमोबाइल इंजिनीअरिंगला? निदान गाड्यांच्या नादाला डिग्री तरी लागेल. मी नोकरी सांभाळून साठ हापूस कलमं स्वतः बांधून वाढवली आहेत, कष्टाला भिणारा माणूस नाही. पण हे पटत नाही.

उत्तर:

सर, सगळ्यात आधी ती बादली. पाणी हिरवं झालंय म्हणजे बंपरवरचं क्रोम आणि त्याखालचं निकेल अ‍ॅसिडात उतरलं असणार. ते परसात ओतू नका, मोरीतही नको. आपला जांभा चाळणीसारखा असतो, परसात ओतलेलं विहिरीत जायला फार वेळ लागत नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरा, झाकण थोडं सैल ठेवा कारण आतून वायू सुटत राहतो, आणि पोरंबाळं-गुरं पोचणार नाहीत अशा उघड्या जागी ठेवा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या एखाद्या प्लेटिंगवाल्याशी (धातूवर क्रोम-निकेलचा मुलामा चढवणाऱ्याशी) बोलून त्याच्याकडे पोचवा. अ‍ॅसिडाची वाफ छातीत जाते, डोळ्यांत जाते, शेजारी ठेवलेली सगळी अवजारं गंजवते. हे त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही रागावलात, पण हात काळे होतात म्हणून रागावलात.

आता कुलपाचं.

वर तुमचं पत्र मी छोटं करून दिलंय. मूळ पत्रात ६१ टक्के एकदा आलेत, आणि 'लोकांना काय सांगू' चार वेळा. मी मोजलं. मला काळजी वाटली ती मुलाच्या मार्कांची नाही. अठरा वर्षांचा मुलगा एकाच घरात राहून, एकाच पंगतीला जेवून मे महिन्यापासून बापाशी बोलत नाही, आणि हे तुम्ही पर्सेंटाइल आणि कॉलेज यांच्या मध्ये एका ओळीत उरकलंत, याची काळजी वाटली. तुम्ही शिक्षक आहात. तुमच्या वर्गातल्या पोराचं दप्तर त्याच्या बापाने माळ्यावर टाकून कुलूप लावलं असतं, तर तुम्ही त्याच्या घरी जाऊन भांडला असता. हातोडा आणि डॉली (ठोकताना पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) हे या मुलाचं दप्तर आहे. आज कुलूप काढा. काही बोलू नका, समजावू नका, फक्त अवजारं जिथे होती तिथे नेऊन ठेवा. अबोला तुम्ही सुरू केला नसेल, पण मोडायचा तुम्हीच आहे.

आणि ते डोळे मिटून हात फिरवणं. त्याला तुम्ही वेड म्हणालात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. पत्र्यावरचा बारीक चढ-उतार डोळ्यांना दिसत नाही. जुना, मळका, रंग उडालेला पत्रा असेल तर अजिबातच नाही. तो कळतो सपाट ठेवलेल्या तळव्याला, लांबीच्या दिशेनं सावकाश हात नेला की. कोल्हापुरात एका विद्यार्थ्यासोबत मी एका वयस्कर डेंटरच्या शेडमध्ये दिवसभर बसले होते. ते हाताखाली पातळ फडकं धरायचे, म्हणजे तळवा अडकत नाही आणि चढ जास्त स्पष्ट लागतो. खडूने खूण करायची, पत्र्याच्या मागे डॉली धरायची, वरून हलके ठोके, परत हात. त्या दिवशी एका दारावर त्यांनी चार तास घालवले, आणि त्या चार तासांत निम्मा वेळ हातोडा खाली ठेवलेला होता. तुमच्या मुलाला हे कोणी शिकवलेलं नाही. त्याला ते आपलं आपण सापडलंय. कोयकलम बांधताना काप किती तिरका घ्यायचा, पट्टी किती आवळायची, हे तुम्ही कोणत्या पुस्तकातून शिकलात? साठ कलमं जगवलेल्या माणसाला हातातली समज ओळखता यायला हवी होती, सर. पोटच्या पोराच्या बाबतीत ती ओळखली नाहीत, याचं मला वाईट वाटलं.

आता 'नादाला डिग्री'. हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक प्रवेशाच्या हंगामात भेटतो: गाड्या आवडतात ना, मग ऑटोमोबाइल इंजिनीअरिंग. ती चार वर्षं गणित, यंत्रांची गतिकी, उष्मागतिकी, कॉम्प्युटरवरचं डिझाइन यांची असतात. ज्याला आकडेमोडीत रस आहे त्याच्यासाठी ती उत्तम आहेत. पण तिथे तुमच्या मुलाला फुगलेला पत्रा बसवायला कोणी शिकवणार नाही. टक्कर बसली की पत्रा ताणला जातो, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ वाढतं. नवखा माणूस त्यावर आणखी ठोकतो, पत्रा आणखी पातळ होतो, आणि मग दाबलं की डबक-डबक आवाज करत आत-बाहेर होतो. तो आटवावा लागतो: रुपयाएवढा ठिपका लालभडक तापवायचा, भोवतीने ठोकत यायचं, ओल्या फडक्याने गार करायचं, मग शेजारचा ठिपका. कुठे थांबायचं हे चुकलं तर अख्खं बॉनेट वाकडं होतं. यामागे धातुशास्त्र आहेच, पण ते हातातून डोक्यात जातं. ज्याचा फिजिक्स-मॅथ्सचा धीर ३४ पर्सेंटाइलला सुटलाय, त्याला चार वर्षं त्याच विषयांत बसवून 'तुझीच आवड आहे' असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि रिपीटर बॅच? नको.

'डेंटर' या शब्दाची तुम्हाला जी लाज वाटते, तिच्या मुळाशी वाईट कामाचा अनुभवही असावा. तो मलाही आहे. आमची एक पद्मिनी होती, म्हणजे फियाटच. एका गॅरेजात ती 'नवी' करून घेतली, नाव सांगत नाही. रंग आरशासारखा. पुढच्या पावसाळ्यात परशुराम घाटात टायर पंक्चर झाला. जॅक लावला, आणि गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच दाराखालच्या सिलमधून, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीतून, आत घुसला. आत काय होतं? वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर बोटभर जाड लांबी (पुट्टी), त्यावर रंग. फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. सिल कुजली म्हणजे गाडीचं हाडच कुजलं. ते काम नीट करायचं तर कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, त्याच मापाचा तुकडा घडवायचा, वेल्ड करायचा, आतल्या पोकळीत गंजरोधक मेण सोडायचं, आणि दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं मोकळी ठेवायची. आपल्याकडे खारा वारा, चार महिने धो धो पाऊस आणि वर गाडीवर टाकलेली ताडपत्री. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. तुमच्या पडवीतल्या गाडीला लोहचुंबक लावून बघा. जिथे धरत नाही तिथे कोणीतरी पूर्वी लांबी थापलीय. मुलगा ती खरवडतोय, म्हणजे लपवालपवीवर त्याचा विश्वास नाही. असा डेंटर आपल्या किनाऱ्यावर हवाच आहे.

बंपरबद्दल मात्र त्याचीही समजूत चुकतेय असं वाटतं, तेव्हा हा भाग त्याला वाचायला द्या. बंपर चमकतो तो क्रोममुळे, असं सगळ्यांना वाटतं. क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. गंज रोखण्याचं आणि चकाकीचं बरंचसं काम त्याखालचं निकेल करतं, क्रोम त्या निकेलला डाग आणि ओरखड्यांपासून सांभाळतं. प्लेटिंगने पोचा झाकला जात नाही, उलट उठून दिसतो. म्हणून जुना थर उतरवल्यावर बंपर सरळ करणं, गंजाने पडलेले खड्डे वेल्डने किंवा तांब्याच्या थराने भरणं, कानस, पॉलिश पेपर, बफिंग, पुन्हा तांबं, पुन्हा घासणं, हे सगळं निकेलच्या टाकीत जाण्याआधीचं. हे त्याने करावं. थर उतरवणं आणि टाकीचं काम त्याने घरी कधीही करू नये. क्रोमच्या पारंपरिक टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, त्याने कॅन्सर होतो. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे चांगले रिस्टोअररसुद्धा प्लेटिंग बाहेरच देतात, त्यात कमीपणा नाही.

वाट सांगायची तर अशी. आयटीआयला वेल्डर किंवा ऑटो बॉडी रिपेअर, एक वर्ष. दुसरा ट्रेड सगळीकडे नसतो, प्रवेशाच्या वेळी यादी बघा. मग एखाद्या मोठ्या बॉडीशॉपमध्ये अप्रेंटिस, त्यात स्टायपेंड मिळतो. त्यानंतर दोन-तीन वर्षं मुंबई-पुण्याकडे, जिथे जुन्या गाड्या पूर्ण सोडवून उभ्या करतात अशा ठिकाणी. पुढे थिअरीची भूक लागली तर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा आहेच. लोकांना सांगायला काही हवंच असेल तर हे सांगा: 'वर्ल्डस्किल्स' या आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धेत ऑटोबॉडी रिपेअर हा स्वतंत्र विषय आहे, आणि भारताचा संघ त्या स्पर्धेला जातो.

पैशाचं खोटं चित्र मी रंगवणार नाही. पहिली काही वर्षं पगार बेताचा असेल. जुन्या गाड्यांची कामं मोजकी असतात, एकेक गाडी वर्ष-दीड वर्ष चालते, आणि मालक मध्येच हात आखडता घेतात. पोट भरणारं काम रोजच्या अपघाताच्या गाड्यांचंच असेल. त्याला अंदाजपत्रक लिहिता आलं पाहिजे, प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवता आले पाहिजेत, गिऱ्हाइकाला 'हे होणार नाही' सांगता आलं पाहिजे. रंगकाम करेल तेव्हा साधं फडकं तोंडाला बांधून चालणार नाही. आजच्या दोन घटकांच्या रंगातल्या हार्डनरने कायमचा दमा जडतो, त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. त्याच्या पहिल्या पगारातून नाही, तुमच्या पैशांतून घ्या तो.

राहिली गाडी. अठरा हजारांना देऊ नका. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती चालवता येत नाही. अट महत्त्वाची आहे: चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून मुलाने आता एकही पत्रा कापण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, आणि तुम्ही वडिलांच्या ट्रंकेतून गाडीचं आरसी बुक शोधून काढावं. ते काम तुमचं. कागद घेऊन तुम्ही त्याच्यासमोर गेलात, की बोलायला विषय मिळेल.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. सोबत बंपरचे दोन फोटो पाठवायला सांगा, त्यातला एक आतल्या बाजूचा. बाहेरची बाजू सगळेच घासतात, त्याने आत किती घासलंय ते मला बघायचंय.